संपूर्ण वर्णन

भागवत कायंदेने बहिणीला फोन केला तो भांडायच्या तयारीनेच.

"ताई, तुह्या त्या किड्यामुंग्यांच्या शास्त्रात काही दम असंल तर ये इकडं. माह्या शेडनेटमधी भुणभुण्या येड्या झाल्या."

प्रतीक्षा दुसऱ्या दिवशी गाडीत बसली. तिला दुसरं काही काम नव्हतं. पुण्याच्या ज्या संग्रहालयात तिने उमेदीची सगळी वर्षं कीटकांचं वर्गीकरण करण्यात घालवली, तिथला कीटक विभागच बंद झाला होता. कारण साधं होतं. किड्याचा पाय तोडून यंत्रात टाकला की यंत्र जनुकं वाचून त्याचं नाव सांगायचं. मग एवढ्याशा कामाला पगारी माणूस कशाला? विद्यार्थी तर त्याआधीच यायचे थांबले होते. शेवटच्या वर्षी तिच्या वर्गात एकच मुलगी होती आणि तीही चुकून आली होती. तिला खरं म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट करायचं होतं.

तांदूळखेड हे बुलढाण्याच्या घाटावरचं बियाण्याचं गाव. शेतं कमी आणि शेडनेटच, म्हणजे जाळीचे मांडवच, जास्त. टोमॅटो-मिरचीच्या फुलांचं परागीकरण इथल्या बाया पिढ्यान् पिढ्या चिमट्याने करत आल्या. गावात त्याला 'क्रॉसिंग' म्हणतात. पण कांद्याचं तसं नाही. कांद्याच्या एका पांढऱ्या गोंड्यात शेकडो बारकी फुलं असतात, तिथे चिमटा कुठवर पुरणार? ते काम मधमाशांचं. मधमाशा गेल्या, तशी बियाणं कंपनीने यंत्रं आणली. हरभऱ्याच्या दाण्याएवढं अंग, पोटाला केसाळ पट्टी, पुढे एक डोळा. कंपनीने त्यांना भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. गावाने आवाज ऐकला आणि 'भुणभुण्या' म्हणून मोकळं झालं.

शेडनेटमध्ये पाऊल टाकताच प्रतीक्षाला भावाचं म्हणणं कळलं. सगळं रान पांढऱ्या गोंड्यांनी भरलेलं, आणि भुणभुण्या मात्र चार-पाच गोंड्यांवरच झुंबड करून बसलेल्या. बाकीच्यांकडे कुणी फिरकत नव्हतं. भागवतने एक वाळलेला गोंडा तळहातावर चोळून तिच्यापुढे धरला. काळं बी निघालं, पण फुंकर मारताच उडून गेलं. सगळं पोचट होतं.

"असं बी कंपनी घेत नाई," भागवत म्हणाला. "अन् दोन वर्षं असंच झालं तर कंपनी दुसऱ्या तालुक्यात जाते. मंग या लोखंडी खांबाईला काय गुरं बांधू?"

प्रतीक्षाने झुंबडीत हात घातला. भुणभुण्या उडाल्या. गोंड्यातली एक पाकळी वळली आणि तिच्याकडे पाहू लागली.

तो प्रार्थनाकीटक होता, मँटिस. पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसतो म्हणून हे नाव. एरवी त्याचं सगळं लक्ष पोटाकडेच असतं. हे पिल्लू होतं, नखाएवढं, दुधासारखं पांढरं. मांड्यांना पाकळ्यांसारखे पसरट पंखे. पण जोडलेल्या हातांपैकी उजवा कोपरात मोडलेला होता आणि डाव्याचे काटे झिजून गेले होते. त्याचं पोट पाठीला लागलं होतं.

"फूल समजून येतात व्हय त्या याच्यावर?" भागवतने विचारलं.

"फूल समजून नाही. फुलापेक्षा चांगलं फूल समजून."

मग तिने भावाला समजावून सांगितलं, बांधावर बसून, हातात कांद्याचा गोंडा धरून. फुलासारखे दिसणारे मँटिस कुठल्या एका फुलाची नक्कल करतातच असं नाही. माशीच्या डोळ्याला फूल म्हणून जे काही लागतं, तो रंग, तो घाट, आपल्याला न दिसणारा तो अतिनील उजेड, त्या सगळ्याची जणू सरासरी यांच्या अंगावर उतरलेली असते. म्हणून खऱ्या फुलाला सोडून माशी यांच्याकडे येते आणि खाल्ली जाते. आता भुणभुणीलाही फूल म्हणजे काय हे कुणी शब्दांत शिकवलेलं नाही. तिला लाखो फुलं दाखवली आणि त्यांतून तिने आपली आपण सरासरी काढली. समोर दिसेल त्यातलं सगळ्यात जास्त फूल असेल तिथे जायचं आणि इतरांनाही बोलवायचं, एवढंच तिला कळतं. दोन सरासऱ्यांची गाठ पडली होती. पिल्लू झडप घालत होतं, ती भुणभुणीच्या घट्ट कवचावर आपटत होती, आणि हात मोडेपर्यंत हेच चाललं होतं.

"म्हंजे याचं पोट बी उपाशी अन् माहं बी पोचट," भागवत म्हणाला. प्रतीक्षाला हसू आलं, आणि हसल्याचं वाईटही वाटलं.

तिने मेलेल्या एका पिल्लाचा पाय जनुकं वाचणाऱ्या यंत्रात टाकून पाहिला. यंत्राने उत्तर दिलं: जुळत नाही. ज्याला नावच नाही त्याचं नाव यंत्र कुठून सांगणार? कित्येक वर्षांनी प्रतीक्षाला भूक लागली, झोप लागली, सकाळी उठावंसं वाटलं. पूर्वी हा प्राणी गावालगतच्या टेकडीवरच्या पांढऱ्या झुडपांत राहत असावा. टेकडी आता सोलरच्या पाट्यांनी झाकून गेली होती. तिने ती पायाखाली घातली, आजूबाजूच्याही घातल्या. कुठेच काही सापडलं नाही. जे काही उरलं होतं ते तांदूळखेडच्या शेडनेटमध्येच होतं.

कंपनीचे सोनटक्के साहेब गोड बोलणारे होते. "मॅडम, सोपं आहे. भुणभुण्यांना 'यावर बसू नका' असं शिकवता येतं. पण त्या वर्ज्य यादीत फक्त नाव असलेला जीव घालता येतो, सरकारचा नियम आहे. तुम्ही नाव द्या, पुढच्या फुलोऱ्याच्या आत. तुमचा किडा वाचेल, भावाचं बी भरेल, आमचीही डोकेदुखी जाईल."

सगळ्यांचं भलं एकाच गोष्टीत असण्याचा प्रसंग आयुष्यात फार येत नाही. प्रतीक्षा हो म्हणाली.

अडचण एकच होती. मँटिसचं वर्गीकरण पिल्लावरून होत नाही. रंग फसवतो, आकार फसवतो. फुलासारखं दिसणं तर निरनिराळ्या घराण्यांत वेगवेगळं उगवलेलं. खात्री पटते ती वयात आलेल्या नराच्या पोटाच्या टोकाशी लपलेल्या अवयवांवरून. आणि शास्त्राची जुनी रीत अशी की नाव द्यायचं तर एक देह पुढे ठेवावा लागतो. तो मारून, टाचून, कायमचा जपायचा. नाव त्या एका देहाला बांधलेलं असतं. बाकीचे सगळे त्याच्यासारखे म्हणून त्या नावाचे.

शेडनेटच्या खांबावर तिला अंड्यांची एक डबी मिळाली. पावसाळा सरता सरता त्यातून पिल्लं निघाली, मुंग्यांएवढी. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला चहाचा एकेक कागदी पेला, वर मच्छरदाणीचा तुकडा. भागवतच्या ओसरीवर पेल्यांच्या रांगा लागल्या. आणि त्यांची आई, कौसल्याबाई, जिने उभा जन्म क्रॉसिंग केलं, ती रोज सकाळी आपला चिमटा घेऊन रांगेशी बसू लागली. सडक्या केळ्यांवर वाढवलेली चिलटं ती चिमट्याने एकेका पेल्यात सोडायची.

"खाय वं पांढरे. काऊन रुसली?" असं तिचं चालायचं. पोटच्या लेकरांना तिने इतकं लाडाने कधी भरवलं नव्हतं, असं भागवत म्हणायचा. "तुमाले भरवाले टाइम कुठं व्हता? मी शेडमधी व्हते ना," आई सांगायची आणि पुढचं चिलट चिमट्यात उचलायची.

कात टाकताना पिल्लं मरत होती. कुणाचा पाय अडकायचा, कुणाचं डोकं. थंडी पडली तेव्हा चार उरली. तीन माद्या, अजून पांढऱ्या आणि बाळ. आणि एक नर. नराला कमी काती टाकाव्या लागतात. तो बहिणींच्या कितीतरी आधी वयात येतो. मोठा होताना त्याचा पांढरा रंगही गेला होता. बारीक, तपकिरी, वाळक्या काडीसारखा. फुलाशी त्याचं काही नातं आहे असं कुणी म्हटलं नसतं.

प्रतीक्षाने पेला उचलला आणि ती फ्रीजकडे निघाली. बर्फाच्या कप्प्यात ठेवला की किडा झोपतो आणि झोपेतच मरतो, अंग शाबूत राहतं.

"कुठं चालली त्याले घेऊन?" आईने विचारलं.

प्रतीक्षाने सांगितलं.

"अवं, या पोरी अजून न्हात्याधुत्या व्हायच्या हायेत, अन् तू नवरदेवालेच माराले निघाली?"

"माय, शेडमध्ये आहेत अजून नर. तिथे थंडीने पिल्लं हळू वाढतात. घरातल्या या तिघी वयात येतील तेव्हा तिथले नरही आलेले असतील. एक धरून आणीन. आत्ता थांबले तर फुलोरा सुरू होईल आणि शेडमधल्या सगळ्यांचे हात मोडतील."

हिशोब बरोबर होता. आईने तोंड फिरवलं आणि ती चिलटांकडे बघत बसली. मटारच्या पिशवीशेजारी प्रतीक्षाने पेला ठेवला. मग तिने दार लावून घेतलं.

नाव आईचंच दिलं. लॅटिन शेपूट लावून 'कौसल्यी'. "लेकीनं नाव काढलं ते असं," आई म्हणाली, "किड्याले देऊन." पण शेजारणीला बोलावून तिने ते चारदा वाचून घेतलं. सोनटक्के पेढे घेऊन आले. नाव वर्ज्य यादीत चढलं, प्रतीक्षाने काढलेले फोटो भुणभुण्यांना दाखवले गेले, आणि कांद्याला गोंडे फुटले.

पहिल्या दिवशी भागवतने यंत्रांच्या पेट्या उघडल्या. भुणभुण्या वर गेल्या, पांढऱ्या रानावर पसरल्या आणि तशाच तरंगत राहिल्या. मँटिसवर एकही बसली नाही. फुलावरही एकही बसली नाही. संध्याकाळी त्या रिकाम्या पोटपट्ट्या घेऊन परत आल्या. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही.

प्रतीक्षाच्या ध्यानात आलं तेव्हा तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. फुलांची सरासरी म्हणजे मँटिस. आणि ती सरासरी म्हणजेच नको, असं आपण यंत्राला शिकवलं. दोघांमधली रेघ यंत्राला सापडेना. त्यामुळे फूल जितकं टवटवीत, तितका त्याला संशय जास्त. चांगली फुलं सोडून ते सुकलेल्या पानांपाशी घुटमळत होतं. तिला हे आधी सुचायला हवं होतं. सोनटक्क्यांनाही सुचायला हवं होतं, पण ते आता फोन उचलत नव्हते. त्यांच्या माणसाने निरोप दिला: बंदी काढून टाकतो, भुणभुण्या पूर्वीसारख्या होतील. गोंड्यांवरचे किडे तुमचे तुम्ही काढा. फवारणी करू नका, फवाऱ्याने पराग मरतो.

भागवत ओसरीवर आला. तीन पेल्यांकडे बघत उभा राहिला.

"हातानं येचा लागतीन," तो म्हणाला. "पण बायाईले ते दिसत नाईत. म्या सवताच काल एका दांड्याशी तासभर बसलो, मले दिसला नाई. गावात तुलेच दिसतेत. तू शिकव त्याईले."

"मी त्यांना वाचवायला नाव दिलं, भागवत."

"अन् मी?" त्याचा आवाज चढला. "माहं काय? गावातली चाळीस शेडं हायेत, ताई. तुह्या एका किड्यापायी सारं गाव बसंन. मंग तू जाशीन पुण्याले, अन् मी रोज याईच्यात तोंड दाखवीन. सांग, कोनतं तोंड दाखवू?"

भाऊ चुकीचं बोलत नव्हता, हेच तिला सहन होईना. रात्रभर तिने विचार केला आणि सकाळी एक वाट सापडल्यासारखी वाटली. गोंड्यांवर बसतात ती पांढरी पिल्लं. ती गेली तर गेली. मोठे झालेले नर तपकिरी. ते फुलावर बसत नाहीत, खांबाला, दांड्याच्या बुडाशी चिकटून असतात. भुणभुण्या त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. ते शेडमध्ये राहतील. घरातल्या तीन माद्या आणि शेडमधला एक नर, एवढ्यावर पुन्हा पिढी उभी राहते. फुलोरा संपला की सोलरच्या पाट्यांपलीकडे कुठेतरी झुडपं लावून तिथे सोडता येईल.

"शिकवते," ती म्हणाली.

गावातल्या बाया शेडच्या दारात जमल्या, कमरेला पिशवी, हातात आपापला चिमटा. प्रतीक्षा पालथ्या क्रेटवर उभी राहिली आणि बोलू लागली.

"डोळ्याने शोधू नका, डोळा फसतो. गोंड्यावर हळू फुंकर मारा. फूल हलतं आणि थांबतं. हा थांबतो, आणि मग स्वतःहून पुन्हा एकदा डुलतो. तो डुलला की पुढच्या पायाच्या आत पाहा, कोपराजवळ. काळा ठिपका दिसला की तोच."

बायांनी फुंकरा मारल्या. एक जण ओरडली, "डुलला वं माय!" सगळ्या तिकडे धावल्या. प्रतीक्षा त्यांच्यात उतरली. ठिपका कसा पाहायचा, पान कोणतं, पाय कोणता, शेजारचा साधा नाकतोडा वेगळा कसा, ती दाखवत गेली. इतकं कान देऊन तिचं बोलणं कधी कुणी ऐकलं नव्हतं. पुण्यात तिने रिकाम्या बाकांना शिकवलं होतं. इथे चाळीस डोकी तिच्या बोटाबरोबर वळत होती, आणि चुकलं तर पुन्हा विचारत होती. आपण काय शिकवतो आहोत हे ती थोडा वेळ विसरली, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

शारदा मांटे म्हणून एक जण होती, चाळिशीची, चष्मा दोरीने बांधलेला. तिने हात वर केला.

"ताई, नर अन् मादी दोन्ही असेच दिसतेत का?"

वर्गात असा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मिळावी म्हणून शिक्षक जन्मभर वाट बघतात. प्रतीक्षाचा चेहरा उजळला.

"छान विचारलंत! नाही, मोठा नर अगदी वेगळा. बारीक, तपकिरी, काडीसारखा. तो फुलावर नसतोच, खांबावर नाहीतर दांड्याच्या बुडाशी असतो. पाहिलात तर ही वेगळी जात आहे असं समजू नका. मोठमोठे लोक इथे फसलेत, नर आणि मादीला दोन वेगळी नावं देऊन बसलेत. तुम्ही ठिपका पाहा. ठिपका त्यालाही असतो."

दोन दिवसांत गावातल्या शेडमधले गोंडे साफ झाले. पिशव्यांमध्ये काय होतं ते प्रतीक्षाने पाहिलं नाही. ती ओसरीवर पेल्यांशी बसून राहिली. भागवतने पेट्या उघडल्या, भुणभुण्या रानभर पांगल्या, एकेका गोंड्यावर बसल्या, उठल्या, पुढे गेल्या. काही दिवसांनी त्याने एक हिरवं बोंड फोडून आणून दाखवलं. आत बी भरत होतं, टणक. तो नुसता बहिणीच्या पायाशी बसला. जेवणं झाल्यावर गाडीवरून जाऊन तिच्या आवडीची जिलबी घेऊन आला.

त्याच आठवड्यात सकाळी आईने हाक मारली. "ये वं, पाह्य!"

सगळ्यात मोठ्या मादीने शेवटची कात टाकली होती. लांब पांढरे पंख फुटले होते, कडेला फिकी हिरवी झाक. आई पेल्याशी वाकली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "झाली वं पोरगी शहाणी," ती म्हणाली. दोनचार दिवसांत मादीने पोट खाली वाकवलं. ती आता गंध सोडत होती, आपल्याला न येणारा, फक्त नरासाठी असलेला. मागच्या दोघीही कात टाकायला आल्या होत्या.

प्रतीक्षाने पेला आणि मच्छरदाणीचा तुकडा घेतला आणि ती शेडमध्ये गेली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. खांब पाहिले, दांड्यांची बुडं पाहिली, जाळीच्या शिवणी पाहिल्या. भागवतचं शेड संपलं तशी ती शेजारच्यांत गेली. दुपार झाली. तिला कोळी दिसले, नाकतोडे दिसले, मुंग्या दिसल्या.

शारदाबाई पाण्याच्या टाकीशी भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. त्यांनी तिला ओणवं होऊन खांब चाचपताना पाहिलं आणि त्या उठून आल्या.

"काय हुडकता, ताई?"

"नर. तपकिरी असतात ना, मी सांगितलं होतं..."

"ते व्हय!" शारदाबाई हसल्या. "ते नाई भेटायचे आता. आम्ही त्याईले बी काढलं की. पांढऱ्याईपरीस ते हुडकायलेच लय तरास. पण एक खांब सोडला नाई, बाकीच्या बायाईनं बी आपापल्या शेडात तसंच केलं. तुम्ही सांगितलं नसतं, तर येगळा किडा समजून तसेच सोडून देल्ले असते."

त्या टाकीमागे गेल्या आणि डालड्याचा एक डबा घेऊन आल्या. दाखवायला म्हणून ठेवला होता. आत वाळलेल्या काड्यांसारखे नर होते, डोकी चिमट्याने चेपलेली. शारदाबाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि परीक्षा देऊन आलेल्या पोरीसारख्या त्या तिच्या तोंडाकडे बघू लागल्या.

"बराबर वळखले ना, ताई?"

प्रतीक्षाने डबा हातात घेतला. एकेक उचलून उजेडात धरला, पुढचा पाय उलगडला, आतली बाजू पाहिली. तळाशी पोचेपर्यंत तिने प्रत्येकाचा ठिपका पाहिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "एकही चुकलेला नाही."